फक्कीचा आशिया

मी मारकुटी बाई होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याबद्दल भलता समज करून घेणार नाही. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका शाळेत मी नववी-दहावीला इतिहास-भूगोल शिकवत असे आणि माझ्या हातात खडूपेक्षा दांडा जास्त वेळ असे. तो दांडाही साधासुधा नव्हता. वर्गातला आशिया खंडाचा कापडी नकाशा फाटून त्याच्या चिंध्या झाल्या, तेव्हा त्याच्या खालच्या कडेचा गोल लाकडी दांडा मी काढून घेतला. मुलं त्याला 'आशिया' म्हणायची. "आज बाईंनी आशिया आणलाय का रे?" असं व्हरांड्यात कुजबुजताना मी स्वतः ऐकलं आहे. मला त्याचा राग आला नाही. उलट बरंच वाटलं.

नववीला एक धडा होता, आशियातील प्रमुख धर्मांचा उगम आणि प्रसार. माझा आवडता धडा. मी विचारायची, "अहिंसेचा संदेश कोणकोणत्या देशांत पोचला?" श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड, चीन, कोरिया, जपान. एक देश राहिला की एक दांडा. जपान राहिला तर दोन, कारण जपान यादीत शेवटी येतो आणि तो विसरणारा पोरगा पाठांतर अर्ध्यावर टाकून खेळायला गेलेला असतो, असं माझं शास्त्र होतं. अहिंसा मी अशी शिकवली. त्यात काही हसण्यासारखं आहे हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि मुलांना कळत असेल तर हसायची त्यांची छाती नव्हती.

त्या वर्गांमधून शेकडो मुलं गेली. त्यांच्यातल्या एका मुलीच्या डाव्या कानाबद्दल मला लिहायचं आहे. त्या कानाचं काय झालं याबद्दल एका कागदावर माझ्या अक्षरात एक ओळ आहे आणि ती ओळ खोटी आहे.

मारणं मी घरी शिकले. मखमलाबादच्या वाटेवर आमचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब आणि बांधाला पालेभाजी. वडील मोठे देवभक्त. पहाटेची पहिली फुलं देवाला, मग बाजाराला. आणि हात असा सैल, की बैल, आई आणि आम्ही भावंडं यांत ते काही भेद करत नसत. वैरणीत पाणी सांडलं की बैलाला चाबूक, भाकरी करपली की आईला लाथ. आम्हाला जे हाताला येईल ते.

मळ्याच्या फाटकाशी पलीकडच्या वस्तीतल्या बाया पौर्णिमेला, जयंतीला फुलं न्यायला यायच्या. बौद्ध वस्ती होती. त्यांना फुलं द्यायची आमच्याकडे एक पद्धत होती. त्यांनी ओंजळ किंवा पदर पुढे करायचा आणि आपण वरून फुलं टाकायची. हाताला हात लागता कामा नये. ही पद्धत आम्हाला कुणी समजावून सांगितली नव्हती. घरात सगळे करायचे, म्हणून आम्हीही करायचो. मी नऊ वर्षांची असताना एका बाईच्या ओंजळीत शेवंती ठेवली. टाकली नाही, ठेवली. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. ती गार होती, बाकी काही नाही.

बाई दिसेनाशी होईपर्यंत वडील थांबले. मग उघड्या पंजाने माझ्या कानाखाली त्यांनी असा जाळ काढला, की मी झेंडूच्या पाटीवर जाऊन पडले. "वरून टाकायची म्हनलं व्हतं ना? कळत नाय तुला?" मग मला हौदावर नेऊन हात धुवायला लावले. तीन दिवस माझ्या कानात भुंगा फिरत होता. आई लसणीचं तेल घालत राहिली. चौथ्या दिवशी भुंगा गेला, मला नीट ऐकू यायला लागलं आणि मी ते प्रकरण विसरून गेले, असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण कानावर पडलेला पंजा काय करतो हे मला पक्कं माहीत होतं. पुढे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

शिकले, डी.एड., मग बी.एड. झाले, मळ्यातून शहरात आले. मी स्वतःला फार पुढारलेली समजायची. सगळ्या जातिधर्मांची मुलं माझ्या वर्गात एका बाकावर बसत. माझा दांडा कुणाची जात विचारत नाही, असं मी शिक्षकांच्या खोलीत अभिमानाने सांगायची.

मग तो हिवाळा आला, देशभर दंगली झाल्या तो. शाळा काही दिवस बंद राहिल्या, आणि उघडल्या तेव्हा मुलांच्या तोंडी असे शब्द होते जे आमच्या तोंडी कधी नव्हते. दुसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या बैठकीत संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, यंदा काहीतरी सर्वधर्मसमभावाचं करा, पण वाद नको. मला कल्पना सुचली आणि मी ती बोलून दाखवली. मैदानावर आशिया खंडाचा मोठा नकाशा आखायचा. ज्या देशात जो धर्म जन्मला तिथून त्या धर्माचे विद्यार्थी चालायला लागतील आणि जिथे जिथे तो धर्म पोचला तिथे एकेक विद्यार्थी हातात फूल घेऊन बसेल. अकरा मिनिटांत आख्ख्या आशियाच्या धर्मांचा उगम आणि प्रसार. अध्यक्ष खूश झाले. म्हणाले, बाई, हे तुम्हीच बघा.

कबड्डीचं मैदान आखायला वापरतात ती पांढरी फक्की खेळाच्या सरांनी चार पोती आणवली. मी गच्चीवर उभी राहून ओरडायची आणि खाली सर डबड्याने फक्की सोडत रेघ ओढायचे. अरबस्तान पाण्याच्या टाकीशी आला. जपान नळांच्या रांगेपाशी. सैबेरियात दाखवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून पाहुण्यांच्या खुर्च्या तिकडे. भारत बरोब्बर निंबाखाली. हिमालयासाठी बांधकामाच्या उरलेल्या विटा रचल्या. मैदानाच्या मागे लांबवर लेण्यांचा डोंगर दिसायचा. आम्ही सगळे त्यांना पांडवलेणी म्हणायचो. ती बौद्ध भिक्खूंची लेणी आहेत हे मी वर्गात शिकवलेलं होतं, परीक्षेत विचारलेलंही होतं. तरी बोलताना तोंडात पांडवच यायचे.

गट पाडले आणि प्रत्येकाची वाट फक्कीच्या बाणांनी दाखवली. भगव्या ओढण्यांचा गट भारतातून निघून कंबोडिया, जावा, बालीला जायचा. हिरवा अरबस्तानातून इराण, मध्य आशिया, भारत आणि पुढे समुद्राने इंडोनेशियापर्यंत. पांढरा पॅलेस्टाइनमधून निघून एक शाखा केरळला, दुसरी थेट फिलिपाइन्सला. इराणमधून दोघी पारशी होऊन गुजरातच्या किनाऱ्याला लागायच्या. दोन मुलं ज्यू होऊन जेरुसलेममध्ये बसून राहायची आणि त्यांना फार कंटाळा यायचा. पिवळा गट बुद्धगयेहून निघायचा. नियम एकच होता. एकदा पुढे पाऊल टाकलं की मागे वळायचं नाही.

सहा आठवडे तालीम चालली, आणि सहा आठवडे मी मारत होते. फक्कीच्या रेघेवर पाय पडला की पोटरीवर दांडा. हसलं की दांडा. ब्रह्मदेशाच्या आधी थायलंडला पोचलं की दांडा. एकदा सिंध प्रांतात हिरवा गट भगव्या गटासमोर आला आणि भगव्यातल्या एकाने त्या हिवाळ्यात शिकलेला एक शब्द उच्चारला. हिरव्याचा पुढारी एका टेम्पो ड्रायव्हरचा मुलगा होता. एरवी अबोल पोरगा, त्याने सरळ हिमालयातली वीट उचलली. एकाची भुवई फाटली, दुसऱ्याचा दात हलला, फक्कीवर रक्त सांडलं आणि बारा पोरं एकमेकांच्या उरावर बसली. मी मध्ये शिरले आणि माझा खांदा भरून येईपर्यंत सगळ्यांना सारखंच झोडपलं. खेळाचे सर निंबाखाली उभे राहून म्हणाले, "बाई, तुम्ही सगळं मध्ययुग दहा मिनिटांत उरकलंत की." मी हसले. दमले होते आणि छान वाटत होतं, हेही खरं आहे.

पिवळ्या गटाची पुढारी होती ती मुलगी. लेण्यांच्या पायथ्याकडच्या वस्तीत राहायची. वडील कारखान्यात कामगार. सावळी, उंच, आणि मारताना हात मागे न घेणारी. हात मागे न घेणारी मुलं मला आवडत नसत. रडलं, ओरडलं की माझा राग उतरायचा. ती नुसती बघत राहायची.

पहिल्याच तालमीत तिने विचारलं, "बाई, आम्ही सगळे बाहेर गेलो, मग भारतात कोण बसणार?"

"कोणी नाही. पुस्तकात काय लिहिलंय?"

"कालांतराने भारतात या धर्माचा ऱ्हास झाला."

"मग झालं तर."

"पण बाई, आम्ही आहोत ना. आमच्या गल्लीत विहार आहे."

मुलं खिदळली. मी म्हणाले, हा जुन्या काळचा नकाशा आहे. ती म्हणाली, "मग शेवटी एक बाण परत आणू या ना बाई. नागपूरला दीक्षा झाली, तो. मी एकटीच येईन चालत. जास्त वेळ नाही लागणार."

म्हणणं बिनचूक होतं. इतिहासाच्या बाईला ते स्वतःला सुचायला हवं होतं. मी म्हणाले, वेळ नाही, अकरा मिनिटं ठरलीत. मग म्हणाले, अध्यक्षांनी वाद नको म्हटलंय. आणि तरी ती उभीच राहिली तेव्हा म्हणाले, "उलट बोलतेस? हात पुढे कर." तीन दांडे मारले. वेळ आणि अध्यक्ष ही नुसती सांगायची कारणं होती. मला तो बाण माझ्या नकाशात नको होता. का, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

संमेलनाच्या सकाळी भावाने मळ्यातून झेंडूच्या दोन पाट्या आणून दिल्या. मुलं ओळीत उभी राहिली आणि मी फुलं वाटत गेले. पांढरा गट, भगवा गट, हिरवा गट. प्रत्येकाच्या ओंजळीत चार-चार फुलं ठेवली. मग पिवळा गट आला. त्या गटात मी बहुतेक त्या वस्तीतलीच मुलं घेतली होती, आपापल्या धर्माचं करतील, शोभेल, म्हणून. फुलं वाटून झाली तरी ती मुलगी पुढे सरकेना. ती आपल्या ओंजळीकडे बघत होती, मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं. माझा हात तिच्या ओंजळीच्या वीतभर वर होता. पिवळ्या गटाला मी फुलं वरून टाकली होती. एकालाही हात लावला नव्हता.

मी ठरवून केलं नव्हतं. हाताने आपलं आपण केलं होतं. पण मला त्या क्षणी कळलं, आणि मला कळलं आहे हे तिला कळलं. "चल, पुढे हो," मी म्हणाले.

कार्यक्रम बेफाम रंगला. शिक्षणखात्यातले एक साहेब प्रमुख पाहुणे होते. पालक गच्चीवर, भिंतीवर, मिळेल तिथे चढून बसले होते. पिवळा गट निघाला. एकेक मूल श्रीलंकेत, ब्रह्मदेशात, चीनमध्ये बसत गेलं आणि ती सगळ्यात शेवटी विटा ओलांडून, कोरियातून नळांपाशी जपानला पोचली. फूल ठेवून बसली. इकडे हिरवा गट भारताकडे निघाला होता, तेवढ्यात ती उठली.

ती परत चालायला लागली. अनवाणी होती. कोरियात बसलेल्या मुलाने तिची ओढणी ओढली, "ए, बस ना, बाई मारतील." तिने ओढणी सोडवून घेतली. चीनमधून आली, हिमालय ओलांडताना पायाने एक वीट पाडली, आणि निंबाखाली आली. भारताच्या पश्चिम अंगाला, साधारण जिथे आपलं नाशिक येईल तिथे, ती मांडी घालून बसली आणि उरलेली फुलं तिने समोर ठेवली. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. गच्चीवरून टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब उठून उभे राहिले, माइक घेऊन तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "बाळ, तू परत का आलीस?"

"आम्ही गेलोच नव्हतो साहेब," ती म्हणाली. "आम्ही इथंच आहोत." मैदानाच्या चारही कर्ण्यांमधून तिचा आवाज आला.

पुन्हा टाळ्या. साहेबांनी विचारलं, ही सुंदर कल्पना कुणाची? मी पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, माझीच. हे मी म्हणाले. त्यांनी माझं कौतुक केलं, मी ते घेतलं, आणि वळले तर अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. वाद नको म्हणालो होतो ना, अशी ती नजर होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती आग अध्यक्षांची नव्हती. सकाळपासून मला त्या मुलीची ती फुलं वाटतानाची नजर टोचत होती.

प्रयोगशाळेमागच्या बोळात मी तिला दंडाला धरून नेलं. दांडा जवळ नव्हता. मी उघड्या पंजाने मारलं, होता नव्हता तेवढा जोर लावून, डाव्या कानावर. ती भिंतीवर आपटली. मी आणखी एक मारला, त्याच जागी. मग तिचं डोकं केसांना धरून वर केलं आणि म्हणाले, "मागे वळायचं नाही असं सांगितलं होतं ना? कळत नाही तुला?" वडिलांचेच शब्द होते. शुद्ध भाषेत बोलले एवढंच.

ती रडली नाही. तिच्या कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर उतरली. "बाई, शिट्टी वाजतेय," ती म्हणाली. बाहेर शिट्टी वाजत नव्हती. माइकवर आभारप्रदर्शन चाललं होतं.

कानाचा पडदा फाटला होता. मग कान वाहायला लागला, पू झाला आणि ताप चढला. पंधरा दिवसांनी तिचे वडील पहिली पाळी करून कारखान्याच्या गणवेशातच शाळेत आले. आई बाहेर पायरीवर बसून राहिली. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर कोरा कागद आणि पेन तयार होतं.

"सर, मला पोलीस-बिलीस काय नाय करायचं," तिचे वडील म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी. "बाईंनी मारलं, तेवढं एक खरं लिहून द्या. दवाखान्यात इचारत्यात, कसं झालं. पोरगी सांगती तसं म्या सांगतो. तर डॉक्टर माझ्याकडंच बघतो, जसं काय म्याच मारलं. म्या आजपत्तोर पोरीवर हात न्हाई उचलला."

मुख्याध्यापक माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, मुलगी घसरून पडली ना? फक्कीवर पाय घसरतोच." त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. मला त्यातून जायचं नव्हतं, असं मी लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. मी गप्प उभी होते, इतकंच. तेवढ्यात तिचे वडील म्हणाले, "ती परत का आली म्हाईतीय का बाई? घरी सांगत व्हती, बाईंनी आमाला फुलं वरून टाकली, म्हनून. म्या म्हनलं, न्हाई गं, शिकल्याली बाई हाय ती, तुला भास झाला आसंल."

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" मी ओरडले. "वाट्टेल ते आरोप करायला लावता मुलीला!" आणि पेन उचलून एका दमात लिहिलं: स्नेहसंमेलनाच्या दिवशी सदर विद्यार्थिनी मैदानावर पाय घसरून पडली व तिच्या कानास इजा झाली. खाली सही केली. साक्षीदार म्हणून खेळाच्या सरांनी सही केली.

त्यांनी कागद घेतला, वाचला. बराच वेळ वाचला, एकच वाक्य होतं तरी. मग घडी घालून खिशात ठेवला आणि गेले. महिन्याभराने येऊन मुलीचा दाखला काढून नेला. कानाचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी सांगितलं असतं, नाशिक तेव्हा एवढं मोठं नव्हतं.

यानंतर मी मारणं सोडलं असं कुणाला वाटेल. नाही सोडलं. कानावर मारायचं सोडलं, तळहातावर चालू ठेवलं, आणि हीच आपली मोठी सुधारणा असं समजत राहिले. घरी माझ्या मुलीलाही मारलं. पोरांना मारायचं नाही असं सरकारी पत्र आलं तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत त्याची टिंगल केली. नकाशाचा कार्यक्रम मात्र परत कधी केला नाही. अध्यक्षांनी दोनदा सुचवलं, मी फक्कीची ॲलर्जी आहे म्हणून सांगितलं. एकदा वडिलांच्या तेराव्याला मळ्यावर गेले होते. फाटकाशी वहिनी फुलं विकत होती, आणि तिचा हात ओंजळीच्या वीतभर वर होता. मी तिथेच उभी होते. तिला काही बोलले नाही.

बारा-तेरा वर्षं गेली. अभ्यासक्रम बदलला आणि उन्हाळ्यात आमची, इतिहासाच्या शिक्षकांची, प्रशिक्षणं लागली. पंचवटीतल्या एका शाळेत आम्ही चाळीसेक जण होतो. माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती आणि असल्या प्रशिक्षणात मी मागे बसून स्वेटर विणायची. शिकवायला एक तरुण साधनव्यक्ती येणार होत्या. साधनव्यक्ती म्हणजे शिक्षकांना शिकवायला नेमलेले शिक्षक. सुती साडीतली एक उंच मुलगी आत आली, खुर्चीवर पर्स ठेवली आणि हजेरीचा कागद वाचायला लागली. वाचता वाचता ती एका नावावर थांबली. मी तिला तेव्हा ओळखलं नव्हतं.

मागून कुणीतरी तिला पंखा लावायला सांगितलं, तेव्हा ओळखलं. नुसती मान न वळवता ती अख्खी वळली, उजवी बाजू पुढे करून. माझ्या हातातली सुई तशीच राहिली.

"ऊन चढायच्या आत मैदानावर जाऊ," ती म्हणाली. मैदानावर तिने शिपायाकडून फक्की मागवून घेतली होती. वर न बघता, कुणाला गच्चीवर उभं न करता, तिने डबड्याने सरसर आशियाची रेघ ओढली. अरबस्तान, भारत, चीन, जपान. आम्हा चाळीस मास्तरांना तिने धर्म वाटून दिले. "मुलांना चालत चालत शिकवलं की विसरत नाहीत," ती म्हणाली. "ही पद्धत मी माझ्या शाळेत शिकले. आमच्या बाईंनी बसवली होती. फार चांगली पद्धत आहे."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी सोसला असता, मला टोमणे येतात. तिला खरंच तसं वाटत होतं.

तिच्या डाव्या हाताला पिंपळगाव बसवंतहून आलेले एक सर उभे होते. त्यांनी दोनदा काही विचारलं, तिला ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी हात हलवला तेव्हा ती म्हणाली, "सर, उजवीकडून बोला. डाव्या कानाने मला काहीच ऐकू येत नाही." सर भले गृहस्थ, पटकन विचारून बसले, "जन्मापासून का हो मॅडम?"

"नाही. शाळेत पाय घसरून पडले," ती म्हणाली. फक्कीचं डबडं तिने दुसऱ्या हातात घेतलं. "तसं लिहून दिलेलं आहे."

माझ्याकडे तिने पाहिलं नाही. बाण काढायला ती खाली वाकली. मी तिच्या डाव्या अंगाला होते, आठ-दहा पावलांवर. तिच्या वडिलांचा तो गणवेश, त्यांनी घातलेली कागदाची घडी, सगळं माझ्यासमोर आलं. मला वाटलं, आज नाही तर परत नाही. मी मोठ्याने म्हणाले, "ती पडली नव्हती. मी मारलं होतं. मी तिची बाई."

पिंपळगावच्या सरांनी खाली पाहिलं. चाळीस माणसांनी ऐकलं, आणि जिला सांगत होते ती वाकून कोरियाहून जपानकडे रेघ ओढत राहिली. एवढी शांतता कशाची म्हणून तिने मान वर केली. सगळे माझ्याकडे बघताहेत हे तिला दिसलं. ती उभी राहिली, आणि शाळेत असताना बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "बाई, काही म्हणालात का? या बाजूने या."

माझ्या वाटेत तिचा सगळा आशिया होता. मी रेघांवरून चालत गेले, चपलांना फक्की लागत होती. तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. इतक्या जवळून तिला मी एकदाच पाहिलं होतं, त्या बोळात. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तू पडली नव्हतीस, मी मारलं होतं, कागदावर मी खोटं लिहिलं. आणि त्या सकाळी तुला भास झाला नव्हता. फुलं मी वरूनच टाकली होती.